हातांची झडती

प्रणोती मोबाईलवरून नियम वाचते.
विट्याच्या घरी, सोप्यात, मी बॅग उघडून बसलोय.
तेजाब चालत नाही, मामा.
तेजाब कोण नेतंय, मी म्हणतो.
सोरा नाही. काडेपेटी नाही.
सुकं खोबरं नाही.
खोबरं?
पेटतं म्हणे.
मी चटणीच्या डब्याकडं बघतो.
खोबरं लसणाच्या संगतीनं त्यात कधीच कुटून बसलंय.
काही बोलत नाही.

पावडर असेल तर वेगळी काढून दाखवायची, ती वाचते
आणि एकेक पुडी माझ्यापुढं धरते, जणू मीच मशीन.
ही?
मेतकूट.
ही?
सांगलीच्या पेठेतली हळद, त्रिशूरच्या घरमालकिणीला.
ही करडी?
रेवणसिद्धाचा अंगारा. तुझ्या सासूनं दिलाय, तो खिशात.
आणि ही पांढरी?

सवागी. मुशीत चिमूटभर टाकली
की सोन्यातलं नको ते वर येतं.
तिकडं मिळत नाही?
मिळते.
मग?
हिंदुरावनं पहिल्यांदा भट्टीवर बसवलं
तेव्हा विट्याचीच होती.
ती पुडी बाजूला ठेवते.

एकोणचाळीस वर्षं मी पावडरीच ओळखत आलोय.
आम्ही गलाईवाले.
सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घेतो,
पायपुसणी, झिजलेले ब्रश, हात धुतलेलं पाणी,
जाळतो, कुटतो, चाळतो.
धूळ बोटांत चोळून सांगायचं, हिच्यात किती निघेल.
चुकलं तर भरपाई आपल्या खिशातून.

मागच्या खेपेला, कोचीत,
मशीननं बॅग बघितली, तक्रार केली नाही.
मेतकुटाचा वास घेऊन पोरगा शिंकलासुद्धा.
मग म्हणाला, हाथ.
चिमट्यात धरलेली पांढरी चिंधी
माझ्या तळव्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून फिरवली
आणि यंत्राच्या तोंडात दिली.
लाल दिवा.
पुन्हा पुसलं. पुन्हा लाल.

दोघं आले, मग तिसरा.
रांग माझ्यापासून हातभर सरकली.
काम क्या करते हो?
नखं बघा, म्हटलं.
पिवळी, कडा खाल्लेली.
तेजाबाचा धूर दहा बाय दहाच्या खोलीत कोंडला
की हातांत राहायला येतो, भाडं न देता.
साबण लावला होता, लिंबू चोळलं होतं.
यंत्राला लिंबू कळत नाही.
पंचवीस मिनिटं लावली त्यांनी. लायसन बघितलं, फोन केले,
मधूनमधून हात उलटेसुलटे करून बघितले.
वाईट वागले नाहीत, हे सांगायला हवं.
एवढा वेळ माझे हात कुणी धरल्याचं
मला तरी आठवत नाही.

निघताना बघितलं, त्या चिंध्या डब्यात टाकतात.
डबा गच्च भरलेला.
दिवसभराचे तळवे त्यात,
मागं सारलेल्या बांगड्या, बोटात फिरवलेल्या अंगठ्या.
माझा पाय निघेना.
क्या देख रहे हो, पोरानं विचारलं.
म्हटलं, वर्षाचा कचरा साठवून ठेव,
मी जाळून बघतो, गुंजभर तरी निघेल.
तो हसला नाही.
मीही चेष्टा करत नव्हतो.

आता बॅगेची चेन अडकते, प्रणोती गुडघा देऊन ओढते.
मग म्हणते, हात बघू,
आणि ओढणीच्या टोकानं माझा तळवा पुसून
टोक दिव्याखाली नेते.
काय निघालं?
हळद, ती म्हणते. जावा तुम्ही.

सवागीची पुडी
मी तेवढ्यात चपलांच्या पिशवीत सारलीय.